स्पिरिट कोरडं होतं काय?

रविवारी जर्मनीहून घरी व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा अण्णा मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्यात शेंगा फोडत बसले होते. चेहरा बघूनच म्हणाले, "काय बिनसलंय?"

बिनसलं होतं ते सोडियम इथॉक्साइडवरून, म्हणजे सोडियम आणि इथेनॉल (स्पिरिटमधलं अल्कोहोल) यांच्यापासून होणाऱ्या जालीम अल्कलीवरून. विकत मिळतं, पण आमच्या लॅबमधले जुने लोक ताजं करायला लावतात. तेलातलं सोडियम काढायचं, पुसायचं, सुरीनं कापायचं. खव्यासारखं कापलं जातं. कापलेली बाजू चांदीसारखी चमकते आणि बघता बघता काळवंडते. मग हवेऐवजी नायट्रोजन भरलेल्या भांड्यात एकेक तुकडा इथेनॉलमध्ये. शाळेत पाण्यावर सैरावैरा पळणारं सोडियम पाहिलं असेल. इथं ते आधी बुडतं, कारण इथेनॉल त्याच्याहून हलकं. मग बुडबुडे. अल्कोहोलच्या ओएचमधला हायड्रोजन वायू होऊन जातो, त्याची जागा सोडियम घेतं. २.३ ग्रॅम सोडियममागे सव्वा लिटरच्या आसपास हायड्रोजन! भांडं बंद ठेवायचं नाही, ठिणगी तर नकोच.

इथवर झकास. पुढं एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून झालेलं संयुग) घातला आणि हाती आला नुसता पांढरा गाळ.

अण्णांची हयात एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली. त्यांनी एकच विचारलं, "पोरी, स्पिरिट कोरडं होतं काय?"

नव्हतं. ॲब्सोल्यूटच्या, म्हणजे पाणी काढलेल्या इथेनॉलच्या, शेजारची ९६ टक्क्यांची, भांडी धुवायची बाटली मी उचलली होती.

"मळीचं स्पिरिट कितीबी उकळ, पंच्याण्णव-शहाण्णवच्या पुढं सरकत न्हाई. उरलेलं पाणी निराळं काढावं लागतंय."

हिशेब केला. माझ्या ५० मिलिलिटरमध्ये अडीच ग्रॅम पाणी होतं, २.३ ग्रॅम सोडियमचं इथॉक्साइड संपवायला १.८ पुरतं. पाण्यानं इथॉक्साइडचा झाला कॉस्टिक सोडा, आणि त्या सोड्यानं एस्टर फोडून आम्लाचा सोडियम क्षार केला. म्हणजे साबणाचीच रीत. इथेनॉलमध्ये नुसता कॉस्टिक घालून इथॉक्साइड का करत नाहीत, तेही यातच आलं: तिथं पाणी तयार होतं आणि गाडी मागं फिरते. टर्ट-ब्युटेनॉलसारख्या अवघड अल्कोहोलशी मात्र सोडियमची प्रक्रिया फार हळू होते. तिथं पोटॅशियम घेतात, नाहीतर सोडियम हायड्राइड.

आता इथेनॉल ३ अँग्स्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषून घेणाऱ्या बारीक छिद्रांच्या गोळ्यांवर) दोन दिवस ठेवलंय. आणि त्या ९६ च्या बाटलीवर देवनागरीत चिठ्ठी डकवलीय: 'हे न्हवं'.