गुणी बाळ

"अगदी गुणी आहे हो, रडण्याचं नाव नाही," आजी कौतुकानं म्हणाल्या. मुलगी अकरा महिन्यांची. हाक मारली तर वळून बघत नाही, बडबडही करत नाही, म्हणून माझ्याकडे तपासायला आणलेली. कानांची तपासणी झाली होती, ऐकू नीट येत होतं. फाईलवर कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं : स्वमग्नता? म्हणजे ऑटिझमची शंका.

मीही त्याच दिशेनं निघाले होते. ठोकळे मांडले, खुळखुळा वाजवला. तेवढ्यात ती खुर्चीला धरून उभी राहिली, हात सुटला आणि डोकं खुर्चीच्या पायावर आपटलं. चांगला आवाज झाला. ओठ थरथरले, पण रडली नाही. आईकडे पाहिलंसुद्धा नाही. या वयाचं मूल पडलं की आधी आपल्या माणसाचा चेहरा शोधतं. हिनं फरशीकडे बघत अंगठा तोंडात घातला.

मग मी आईकडे नीट पाहिलं. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ती बसली होती. आवाज तिनंही ऐकला होता, पण उठण्याएवढं बळ जणू अंगात नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७०च्या दशकातला प्रयोग आम्हाला शिकताना दाखवतात. बाळाशी खेळणारी आई काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, किंचाळतं आणि शेवटी मान फिरवतं. प्रयोगातली आई लगेच परत हसते. इथे ती मिनिटं किती महिने चालली असतील, या विचारानं पोटात कालवाकालव झाली. पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या पेशींमध्ये सेकंदाला दहा लाखांहून जास्त नवे जोड तयार होतात, आणि पक्के होतात ते वापरातले. बाळाच्या हुंकाराला कुणीतरी 'हो का गं?' म्हणणं, हाच तो वापर.

आजींना मुलीसह बाहेर बसवलं आणि एडिंबरा प्रश्नावली काढली. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ साली तयार झालेली, १० प्रश्नांची. नऊ प्रश्न तिनं खालमानेनं सोडवले. दहावा, स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा. "कधी कधी, मॅडम," ती म्हणाली. "मग वाटतं, हिला कोण बघेल?"

त्याच दुपारी मनोविकारतज्ज्ञांकडे तिला मी स्वतः घेऊन गेले. नवऱ्याला फोन करून बोलावलं, तिला एकटीला ठेवायचं नाही हे घरच्यांना स्पष्ट सांगितलं. हा आजार आहे, तिचा दोष नाही, हेही. आजी वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्या बराच वेळ गप्प होत्या. "मी म्हणत होते, कामाचा कंटाळा करते," एवढंच बोलल्या.

पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह मी पुसलं नाही. स्वमग्नतेची प्राथमिक प्रश्नावली १६ महिन्यांनंतर लागू होते, ती तेव्हा भरायची ठरली. तोवर वाट बघत बसायचं नव्हतं : आईचे उपचार सुरू झाले आणि रोज थोडा वेळ आजी किंवा बाबा मुलीसमोर बसून तिच्या प्रत्येक आवाजाला उत्तर देऊ लागले.

चौथ्या भेटीत आजी कुरकुरत आत आल्या. "हल्ली फार रडते हो. आई जरा उठली की भोकाड पसरते."

मी तारीख घालून त्यांचं वाक्य जसंच्या तसं फाईलमध्ये उतरवलं.