दार नंतर, आधी कर्जरोखा

आज नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) पुन्हा वाचलं. नवरा-मुलं सोडून जाताना नायिका नोराने शेवटी लावलेलं दार सगळ्यांना आठवतं, कर्जरोखा फारसा कुणाला आठवत नाही. नाटक उभं आहे ते त्या कागदावर.

आजारी नवऱ्याला इटलीला न्यायचं, खर्च ४,८०० क्रोनर. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही. जामीन राहणार वडील, पण ते अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्यांची सही नोराच ठोकते. घोटाळा होतो तारखेत: वडील वारले २९ सप्टेंबरला, सहीखाली तारीख २ ऑक्टोबर. कर्ज देणाऱ्या क्रोग्स्टाडला सही खोटी ठरवायला एवढं पुरतं. फेड कशी? कपड्यांसाठी मिळालेल्या पैशांतले निम्मेच खर्चायचे, रात्री दार लावून नकला उतरवण्याचं काम करायचं. तिमाही व्याज वेगळं, हप्ता वेगळा. (आणि तिला ‘खारुताई’ म्हणणारा नवरा बँकेचा मॅनेजर होणार असतो!)

प्रयोगात हा हिशेब भराभर उरकला, की तिसऱ्या अंकातली नोरा एकाएकी शहाणी झाल्यासारखी वाटते. ती काही एका रात्रीत बदललेली नाही. कित्येक वर्षं गुपचूप कमावते आहे.

१८८० मध्ये जर्मन अभिनेत्री हेडविग नीमान-राबेने मुलं सोडून जाणारी आई करायला नकार दिला. जर्मनीत इब्सेनच्या नाटकांना कायद्याचं संरक्षण नव्हतं. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा त्याने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला. नवरा तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो, ती तिथेच कोसळते. या शेवटाला इब्सेन स्वतःच रानटी अत्याचार म्हणायचा.