कर्णधाराच्या हाती खरा निर्णय हवा

सोलापुरातील महाविद्यालयांत पावसाळ्याच्या सुमारास जिमखान्याच्या फलकावर निवड चाचण्यांच्या सूचना लागतात आणि संघ ठरला की त्याच बैठकीत कर्णधारही ठरतो. बहुतेक वेळा तो शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असतो किंवा संघातील सर्वांत चांगला खेळाडू असतो. प्रवेशिकेवर त्याचे नाव सर्वांत वर लिहिले जाते, नाणेफेकीला तो पुढे होतो आणि संघ जिंकला तर चषक तोच स्वीकारतो. मात्र कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, डाव कसा रचायचा हे सर्व मैदानाबाहेर बसलेले आम्ही शिक्षक ठरवत असतो. महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचे काम करताना माझे मत पक्के होत गेले आहे की, आजच्या खेळाडूंमध्ये नेतृत्व दिसत नाही, या आपल्या नेहमीच्या तक्रारीचे मूळ येथेच आहे. ज्याला कधी निर्णय घेऊ दिला नाही, त्याच्या अंगी निर्णयाची जबाबदारी कोठून येणार?

खो-खोचे उदाहरण घेतो, कारण वेळापूरसारख्या गावांनी हा खेळ आपल्या जिल्ह्यात मनापासून जोपासला आहे. संरक्षण करणाऱ्या संघाला आपले खेळाडू कोणत्या क्रमाने उतरणार, हे आधी गुणलेखकाकडे नोंदवावे लागते आणि त्याच क्रमाने तिघांच्या तुकड्या मैदानात येतात. 9 मिनिटांच्या पाळीत पहिली तुकडी किती वेळ काढते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सर्व भरवशाच्या मुली पहिल्याच तुकडीत घालाव्यात, की एक भक्कम खेळाडू दुसऱ्या तुकडीसाठी राखून ठेवावी. घोटा दुखावलेल्या मुलीला शेवटच्या तुकडीत ठेवावे, की पूर्ण विश्रांती द्यावी. समोरच्या संघात खांबावर अचूक सूर मारणारी खेळाडू असेल, तर तिच्यासमोर कोणाला उतरवावे, असे अनेक प्रश्न त्या एका यादीत दडलेले असतात. शिवाय ‘मला तिसऱ्या तुकडीत का टाकले’ हा मानापमानाचा प्रश्न असतोच.

ही यादी मी आता कर्णधारालाच करायला सांगतो. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती यादी घेऊन येते, मी प्रत्येक नावामागचे कारण विचारतो, पटले नाही तर तसे स्पष्ट सांगतो. परंतु शेवटी नोंदवला जातो तो तिने ठरवलेलाच क्रम. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या मुलीला मागे ठेवले आहे तिला ते कर्णधारानेच समोर बसून सांगायचे असते. हे काम सर्वांत अवघड आहे, आणि ते शिक्षकाने परस्पर उरकून टाकले की कर्णधारपद नावापुरते उरते. या पद्धतीने काही सामने हातचे जातात, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही सरावाच्या वेळी कर्णधाराची नजर बदललेली मला दिसते. कोणाचा दम कितव्या मिनिटाला सुटतो, कोण दोन दिवसांपासून गप्प आहे, कोण घरून उपाशी आली आहे, याकडे ती स्वतःहून लक्ष देऊ लागते. नेतृत्वाची सुरुवात या लक्ष देण्यातून होते, असे मी मानतो.

कबड्डीत हीच गोष्ट पदाशिवायही घडते. बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना चढाईपटूला पकडले तर एक गुण जादा मिळतो, आणि त्या क्षणी कोणी आधी झेपावायचे याचा इशारा बहुधा कोपरा सांभाळणारा खेळाडू देतो, मग तो कर्णधार असो वा नसो.

आपल्या सोलापूर विद्यापीठाची एक वेगळी अडचण आहे आणि तीच मला मोठी संधी वाटते. 2004 मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते असल्यामुळे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत परस्परांविरुद्ध जिवाच्या आकांताने खेळलेली मुले काही दिवसांतच पश्चिम विभागीय स्पर्धेसाठी एका संघात येतात. त्यांत सोलापूर शहराच्या पूर्वभागातील तेलुगू बोलणारा असतो, अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा असतो, माळशिरस-सांगोल्याकडून एस.टी.ने येणारा असतो. आपल्याच महाविद्यालयाच्या मुलांच्या घोळक्यात जेवायला बसणारा कर्णधार अशा संघाला एकत्र बांधू शकत नाही. म्हणून शिबिराच्या पहिल्या दिवसापासून खोल्यांची वाटणी कर्णधाराकडे द्यावी आणि एका महाविद्यालयाची मुले एका खोलीत येणार नाहीत, एवढीच अट घालावी.

मुलींच्या संघात कर्णधाराचे काम मैदानाबाहेरही चालते. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर पाळी करतात, अशा घरातून मुलीला बाहेरगावच्या स्पर्धेसाठी परवानगी मिळवताना माझ्या शब्दापेक्षा कर्णधार मुलीने आईशेजारी बसून केलेल्या बोलण्याला अधिक वजन असते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजेते ठरले आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या विजयाचा उल्लेख आता अशा बोलण्यात हमखास येतो. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या 5 टक्के आरक्षणाचाही येतो. त्यात गैर काही नाही, मात्र केवळ प्रमाणपत्रासाठी संघात राहणारा खेळाडू राखीव खेळाडूंच्या बाकावर बसल्यावर संघाचा राहत नाही, आणि त्याला सांभाळून घेणे हीदेखील कर्णधाराची कसोटी असते.

सत्र परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या की संपूर्ण संघाच्या वतीने प्राचार्यांकडे अर्ज लिहिण्याचे आणि बोलण्याचे काम मी कर्णधारावरच सोपवतो. प्राचार्यांसमोर आवाज कापणारी मुले वर्षअखेरीस मुद्देसूद बोलू लागतात.

यंदा निवड समितीच्या बैठकीत मावळत्या कर्णधाराला बसवावे, असा प्रस्ताव मी मांडला आहे. त्याला केवळ ऐकू द्यावे की मतही देऊ द्यावे, यावर आम्हा सहकाऱ्यांत एकमत झालेले नाही. मित्रांना झुकते माप दिले जाईल, ही काहींची शंका रास्त आहे. तरीही मत द्यावे आणि त्याचे कारण लेखी घ्यावे, असा माझा आग्रह आहे, कारण वर्षभर सर्वांसोबत पळलेल्या मुलाला संघातील जे ठाऊक असते, ते चाचणीच्या एका सकाळी आम्हाला दिसत नाही.