घागर फुंकणारी आत्या आणि गॅसचा नॉब तपासणारा दादा

मानसशास्त्र शिकायला घेतलं की पहिल्या महिन्यात घरातल्या सगळ्यांना आजार चिकटवून होतात, तसे माझेही झाले. पहिला नंबर आत्याचा.

आमच्याकडे अष्टमीला उकडीच्या मुखवट्याची महालक्ष्मी उभी राहते आणि रात्री बायका घागरी फुंकतात. आत्याच्या अंगात यायचं. केस मोकळे, आवाज वेगळा, लोक पाया पडून लग्न-नोकरीचे प्रश्न विचारतायत, आणि मी कोपऱ्यात बसून मनात म्हणतीये, हे तर सरळसरळ अपसामान्य वर्तन! (अ‍ॅबनॉर्मलला आमच्या पुस्तकात हाच शब्द होता, घरी कुणाला सांगून बघा.)

मग जरा पुढचं वाचलं आणि गप्प बसले. कारण वर्तन चारचौघांपेक्षा वेगळं असणं हा निकष आहे खरा पण तो एकटा फार लंगडा आहे. बुद्ध्यांक ७० च्या खाली असणारे लोक थोडे तसेच १३० च्या वर असणारेही थोडेच, पण १३० वाल्याला कोण डॉक्टरकडे नेतं? आणि समाजाला न पटणं एवढंच धरलं तर काय होतं तेही होऊन गेलंय, समलैंगिकता अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या आजारांच्या यादीत होती, ती काढायला १९७३ उजाडलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेला १९९०. माणसं तीच होती हो, यादी बदलली. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात म्हणूनच स्पष्ट लिहिलंय की समाजाची नैतिक, सांस्कृतिक मूल्यं किंवा धर्मश्रद्धा पाळत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवायचं नाही.

म्हणून मग बाकीचे प्रश्न येतात, त्या माणसाला स्वतःला त्रास होतोय का, रोजची कामं अडतायत का, त्याला किंवा दुसऱ्याला धोका आहे का. डीएसएम-५ मध्ये (म्हणजे त्याच अमेरिकन यादीची पाचवी आवृत्ती) तर अंगात येण्यासारख्या अवस्थांबद्दल अटच आहे, त्या समाजात सर्रास मानल्या जाणाऱ्या धार्मिक प्रथेचा तो भाग असेल तर आजार म्हणायचं नाही. आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डबे भरून ऑफिसला. हेच तिला मंगळवारी दुपारी ऑफिसात झालं असतं, आवरता आलं नसतं, तर गोष्ट वेगळी.

आणि ज्याच्याकडे बघायला हवं होतं त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. आमचा दादा. गॅसचा नॉब, गीझर, कुलूप, परत नॉब. घरात कौतुक, "किती जबाबदार पोरगा!" तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा, कधी दोनदा कधी पाचदा, रोज लेटमार्क, आणि नॉब बंद आहे हे त्याला माहीत असायचं हो, तरी छातीत धडधड थांबायची नाही. असल्या विचारांत आणि तपासण्यात दिवसाचा तासाभरापेक्षा जास्त वेळ जातोय का, हे ओसीडी (तेच ते विचार आणि त्याच त्या कृती थांबवता न येण्याचा आजार) ठरवताना बघतात. त्याचे तर दोन-अडीच तास जायचे.

सांगितलं तेव्हा काकू माझ्यावरच उखडल्या, "व्यवस्थितपणाला आजार म्हणतेस?" शेवटी तो स्वतःच गेला दाखवायला. काकूंनी शेजारी सांगितलंय की अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत.