दोन्ही गाद्या डाव्याच!

धाकट्या बहिणीचं सासर वेंगुर्ल्याचं, भावोजींचा मासेमारीचा ट्रॉलर आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटीची डागडुजी चालते. यंदा केबिनमधल्या गाद्यांचा नंबर लागला. "अक्का, तुमी शिवशात काय?" मी बेळगावच्या वडगावात ब्लाउज आणि फॉल-बिडिंग करणारी बाई. शिवण ती शिवणच की, म्हणून हो म्हटलं.

जुन्या गाद्या कापसाच्या. वरून बऱ्या दिसायच्या, पण उलटी केली तर खालची बाजू काळीठिक्कर आणि बुरशीचा वास. खारं पाणी आत येतं म्हणून, असं सगळ्यांचं म्हणणं. मला ते पटेना. पाणी बाहेरून येत असतं तर कडा आधी कुजल्या असत्या. इथं डाग बरोब्बर पाठीखाली आणि कंबरेखाली. पावसाळ्यात आमच्याकडं फरशीवर गादी घालून झोपलं की सकाळी खाली ओल दिसते, तोच हा प्रकार. घामाची वाफ गादीतून खाली उतरते आणि गार फळीला लागली की तिचं पाणी होतं. वरचा कपडा कितीही भारी घ्या, गादी मरते ती खालून.

मापं घेताना मात्र माझी शिवणकला थिटी पडली. दोन बर्थ, नाळेच्या म्हणजे बोटीच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या दोन अंगांना. डोक्याकडं रुंद, पायाकडं निमुळते, बाहेरची कड बोटीच्या पोटासारखी बाकदार. शिवाय बोटीची बाजू वर उघडत जाते, म्हणजे गादीचा वरचा आकार खालच्यापेक्षा मोठा. टेपनं हे जमत नाही. रद्दीचे पेपर चिकटपट्टीनं जोडून फळीवर पसरले, कडेनं दाबत गेले आणि तिथंच कापले. मग फळीपासून ४ इंच उंचीवर बोटीची बाजू किती बाहेर जाते ते जागोजागी मोजून पेपरावर लिहिलं. कुठं १ इंच, कुठं पावणेदोन. दोन्ही बर्थ सारखेच दिसले म्हणून पेपर डाव्या बाजूचाच काढला. हे शहाणपण पुढं नडलं.

फोम घ्यायला खडेबाजारात गेले. "३२ का ४०, अक्का?" बेळगावात बाईमाणूस दुकानात शिरलं की अक्काच. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. रोज दोन मोठी माणसं झोपणार, म्हणून ४० चा मागितला. पण तो खरंच ४० चा, हे कशावरून? घरी हिशेब करून गेले होते: ६ बाय ३ फुटांचा ४ इंची तुकडा ४० चा असेल तर पावणेसात किलोच्या आसपास भरतो, ३२ चा असेल तर साडेपाचच्याही आतच. दुकानदार हसला, पण काटा काढला. भरला.

बर्थ ६ फूट ४ इंच, म्हणजे फोम ४ इंच कमी. दोन्ही कडांना रबरी सोल्युशन लावून, ते हाताला जरा चिकट लागेपर्यंत थांबून तुकडे जोडले. जोड पायाकडं ठेवला; कंबरेखाली आला तर झोपणारा शिव्या देणार. फोम कापला हॅक्सॉच्या नव्या पात्यानं, आणि कव्हरपेक्षा चारही बाजूंनी अर्धा इंच जास्त. बरोबर मापाचा कापला की वर्षात गादी चोळामोळा दिसते.

वरती रेक्झिन, खाली बॅगांना लावतात ती जाळी, असं ठरवलं. दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा दमट हवेत कुजतो. चेन नायलॉनची, रनरसुद्धा प्लॅस्टिकचा. रेक्झिनला टाचणी लावायची नाही, भोक कायमचं राहतं. कपडे वाळवायचे चिमटे लावले. मशीनचा पाय रेक्झिनला चिकटून बसायला लागला तेव्हा पावडर चोळली. १८ नंबरची सुई. कोपऱ्यावर चार पदर आले की चाक हातानं फिरवायचं, घाई नाही.

आणि मग तो घोळ. पेपर एकदा ठेवून कापला, दुसऱ्यांदा ठेवून कापला. दोन्ही तुकडे शेजारी मांडले तर दोन्ही डावे! उजव्यासाठी पेपर पालथा करायला पाहिजे होता, आणि रेक्झिनला तर एकच सुलट बाजू. आमचे हे म्हणाले, "दोन्ही खलाशांना डावीकडंच झोपव." मी अर्धा दिवस कुणाशी बोलले नाही.

रात्री सुचलं. उजव्या गादीचा खालचा भाग बाहेरून बघितला तर तो डाव्या गादीच्या वरच्या भागासारखाच असतो. म्हणजे चुकलेला तुकडा थोडा छाटून उजवीला खालून लागतो. पण रेक्झिन खालून म्हणजे वाफ अडणार, हेही कळत होतं. ताडपत्रीवाल्याकडून त्याला २४ पितळी रिंगा ठोकून घेतल्या. डावीला जाळी, उजवीला रिंगा.

फोमवर प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळून तो कव्हरात सरकवायचा आणि मग कागद ओढून घ्यायचा, म्हणजे फोम आत अडकत नाही. हे मला चौथ्या झटापटीनंतर सुचलं. वेंगुर्ल्याच्या एसटीत दोन पोती बघून कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं. आमच्याकडं शक्ती योजनेत बायका फुकट फिरतात खऱ्या, पण ते कर्नाटकाच्या हद्दीपुरतं, आणि गाद्यांना तर कुठल्याच राज्यात सवलत नाही.

डावी चपखल बसली. उजवी पायाकडं बोटभर सैल. दोन्ही बर्थ सारखे नव्हतेच.

दिवाळीला गेले तेव्हा दोन्ही गाद्या उलट्या करून बघितल्या. जाळीची खडखडीत कोरडी. रिंगांच्या गादीला रिंगांपाशी कोरडे गोल, मधे सगळी ओल, आणि दोन ठिकाणी काळे ठिपके सुरू झालेले. तांडेलानं, म्हणजे बोटीवरच्या मुख्य खलाशानं, तर पहिल्याच आठवड्यात डावी बाजू धरली होती. का, विचारलं तर म्हणाला, "उजवी रात्रीची थंड लागता."

उजवीसाठी जाळी आणून ठेवली आहे. शिवण उसवायची नाही. खालचं रेक्झिन दोन बोटं कड ठेवून कापायचं, आणि त्या कडेला जाळी लावायची. यावेळी पेपर उजवीचा वेगळा काढणार.