भोक काढायचं नाही, जोड मागायचा

इकडे आमच्या डिझाइन विभागात एक नियम फार कडक आहे: कॅड मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकावरच्या डिझाइनमध्ये, भोक हाताने काढायचं नाही. ‘बोल्टजोड’ या क्लासकडून, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या साच्याकडून, ऑब्जेक्ट मागायचा, म्हणजे त्या साच्यातून तयार झालेला जोड. त्याला बोल्टचं माप, झाकणाची जाडी आणि हाउसिंगचं, म्हणजे झाकण ज्यावर बसतं त्या भागाचं, मटेरियल सांगायचं. एम8, म्हणजे 8 मिमी व्यासाचा बोल्ट, म्हटलं की झाकणात 9 मिमीचं आरपार भोक, डोकं बुडेल असा काउंटरबोअर, हाउसिंगमध्ये 6.8 मिमीचं ड्रिल, 1.25 मिमी पिचचे (लगतच्या आट्यांमधलं अंतर) आटे आणि बोल्टची लांबी, सगळं एकदम येतं. एम10 केलं की भोक 11, ड्रिल 8.5, पिच 1.5.

आपल्याकडच्या ड्राफ्ट्समनना हे आकडे तोंडपाठ असतात आणि त्याचा मला अभिमान आहे. पण असेंब्ली अडते ती आकडा विसरल्यामुळे क्वचितच. झाकणातलं भोक बदललं जातं, हाउसिंगमधलं तसंच राहतं, तिथे अडते. दोन्ही भोकं एकाच ऑब्जेक्टची असली की ही फारकत होत नाही.

त्याहून मोलाचा आहे क्लासचा नकार. झाकण 14 मिमी जाड. एम8 ॲलन बोल्टचं डोकं 8 मिमी उंच, म्हणजे खाली 6 मिमी धातू उरतो. एम10चं डोकं 10, उरतात जेमतेम 4. क्लासमध्ये किमान 5ची अट असेल, तर बदल तिथेच अडतो. नुसतं ड्रॉइंग असं कधीच अडवत नाही.

नवीन माणूस मात्र इनहेरिटन्सच्या, म्हणजे एका क्लासपासून दुसरा क्लास काढण्याच्या, मागे लागतो. शाफ्ट म्हणजे सिलिंडर, म्हणून सिलिंडर क्लासपासून शाफ्ट! पायऱ्यांच्या शाफ्टला एकच व्यास नसतो, त्यामुळे हे लगेच कोसळतं. शाफ्टमध्ये टप्पे ठेवावेत आणि टप्प्यावर बेअरिंगची बैठक हा वेगळा ऑब्जेक्ट. 6205 क्रमांकाच्या बेअरिंगच्या जागी 6206 घातलं की बोर (आतला व्यास) 25चा 30 होतो, बाहेरचा व्यास 52चा 62, रुंदी 15ची 16. व्यास सगळ्यांच्या लक्षात राहतात. तो 1 मिमी निसटतो आणि सर्कलिपची (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या कडीची) खाच चुकीच्या जागी पडते. म्हणून खाचेची जागा बैठकीनेच ठरवावी.

एका जागी बदललं की सगळीकडे बदलावं, ही कल्पना काही इकडच्यांनी काल शोधलेली नाही. 1963च्या, आयव्हन सदरलँडच्या स्केचपॅड या संगणकावर आकृत्या काढायच्या प्रोग्राममध्येही मूळ आकृती बदलली की तिच्या साऱ्या प्रती बदलत.

एक खबरदारी: ऑब्जेक्ट पृष्ठभागाला टांगू नका. फिलेट (कडेची गोलाई) घातला की पृष्ठभागांची अंतर्गत नावं बदलू शकतात आणि जोड भलत्याच बाजूला जाऊन बसतो. डेटम प्लेन (मोजमापाचं ठरलेलं संदर्भ प्रतल) आणि अक्षाला बांधा.