निर्वासितांसाठी वाकळ: माझा अनुभव आणि ‘एक फुटा’चा घोळ

20 जूनला, जागतिक निर्वासित दिनी, टांगायची म्हणून आम्ही 30 चौकोनांची वाकळ, म्हणजे गोधडी, करायला घेतली; चौकोन लोकांनी भरतकाम करून द्यायचे. कोल्हापुरात यासाठी विषय शोधावा लागत नाही. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. ते गेल्यावर तिथेच फाळणीत आलेले सिंधी वसले आणि गांधीनगर झालं. वाकळीचं कापडही गांधीनगरच्याच बाजारातलं.

अडलं ते मापात. निरोप गेला, ‘एक फुटाचा चौकोन भरून द्या.’ आले 11 ते 13 इंचांचे! कुणी शिवण धरून मोजलेलं, कुणी सोडून. दाट भरतकामानं कापड आकसलं ते वेगळंच. एका चौकोनावर ‘वळिवडे’ अगदी काठापर्यंत भरलेलं. काठ सारखा केला असता तर ‘ळिवडे’ उरलं असतं. लोकांचं काम कापायचं कसं?

शेवटी प्रत्येक चौकोनाला चारही बाजूंनी अडीच इंची पट्टी जोडली, पाव इंच शिवण धरून. मग पुठ्ठ्याचा साडेचौदा इंची साचा मधोमध ठेवून फक्त पट्टी छाटली. शिवल्यावर प्रत्येक चौकोन 14 इंच, पाच गुणिले सहा, म्हणजे वाकळ 70 बाय 84. पट्ट्यांना 36 इंच पन्ह्याचं चार मीटर कापड लागलं. या एका दुरुस्तीत जेवढे दिवस गेले, तेवढ्यात दुसरी वाकळ झाली असती. तोंडी माप देऊच नका. मांजरपाट धुऊन, खळ काढून, 14 इंची तुकडे स्वतः कापा, आत 12 इंचांची पेन्सिलरेघ मारा आणि तेच वाटा. रेघेबाहेर टाका नाही.

हो, लाल कापड आलं की ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. रंग लागला तर परत. खणाच्या कडा उसवतात, त्या दुमडूनच लावा.

आत जुन्या सुती लुगड्यांचे दोन थर. धावदोरा घालण्याआधी मधून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, नाहीतर मध्ये फुगा येतो आणि तो इस्त्रीनं जात नाही.

टांगायच्या दांडीसाठी मागच्या बाजूला चार इंची बाही, म्हणजे दांडी आत सरकवायची कापडी नळी, आधीच शिवा. आमची आदल्या रात्री आठवली.